वासाची जास्वंद

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आम्ही ज्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचो, त्या काकांना वास येत नसे. जागा बघायला गेलो तेव्हा त्यांनी घर तापवणारा फर्नेस दाखवला, लाँड्री दाखवली, पार्किंग कुठे करायचं ते सांगितलं. हे मात्र सांगितलं नाही. राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी दार वाजलं. मी केस पुसतच दार उघडलं, तर काका दुधाचा कॅन घेऊन उभे. गुड मॉर्निंग नाही, काही नाही. कॅनचं झाकण काढून माझ्या नाकाखाली धरला आणि म्हणाले, "हुंग."

मी हुंगलं. नाकाखाली कुणी काही धरलं की माणूस हुंगतोच.

"नासलंय?"

"नाही, बरं आहे."

"बरं म्हणजे काय? गोडसर, आंबूस, की नुसतं फ्रिजचं?"

"फ्रिजचं," मी म्हटलं. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि जिना चढून गेले. आतून नवऱ्यानं विचारलं, कोण होतं यार एवढ्या सकाळी? मी म्हटलं, घरमालक, माझ्याकडून दूध हुंगून घेतलं. तो म्हणाला, म्हणजे काय? मी म्हटलं, मला तरी काय माहीत.

हळूहळू कळलं. काका मूळचे नाशिकचे. उभा जन्म इथल्या एका सुगंधाच्या कंपनीत केमिस्ट होते. साबणाला, शांपूला, च्युइंग गमला वास देणाऱ्या अशा कंपन्या न्यू जर्सीत बऱ्याच आहेत. लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की आधी कोण येऊन गेलं ते सांगायचे म्हणे. मग रिटायर झाले, पाठोपाठ काकू गेल्या, आणि त्याच हिवाळ्यात साधा फ्लू झाला. ताप उतरला, खोकला गेला, नाक काही परत आलं नाही. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. काका म्हणायचे, "येईल की. पोस्टानं टाकलं असेल."

तर त्यांच्या घरात मी भाडेकरू कमी आणि नाक जास्त होते. गॅस चालू राहिलाय का, कोट ड्रायक्लीनला द्यायला झालाय का, फ्रिजमधली कोथिंबीर टाकायची का, सगळ्याला मी. ऑफिसात माझा कोड टेस्टिंगला गेला की मला एवढी धाकधूक वाटायची नाही, जेवढी काकांनी डबा उघडून समोर धरला की वाटायची. कारण छान म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "छान हा वास नाही. छान हे तुझं मत आहे. मला वास सांग." मी आमटीला फोडणी घातली की जिन्यावरून आवाज यायचा, "हिंग आधी पोचला की मोहरी?" नवरा हसून हसून बेजार. त्याचं स्वतःचं नाक अ‍ॅलर्जीनं निम्मं वर्ष बंदच असायचं, म्हणून तो सुटला होता.

काकांचं दुसरं वाक्य म्हणजे "तपासून बघू." उद्या बर्फ पडणार आहे म्हटलं, तपासून बघू. काका, तुमचा वाढदिवस ना आज? तपासून बघू. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडून कुणीही कधी ऐकलं नव्हतं, ते म्हणजे "माझं चुकलं." एकदा आम्ही त्यांच्या गाडीतून एडिसनला किराणा आणायला निघालो. काका गप्पांच्या नादात नको त्या बाजूला वळले. मी म्हटलं, काका, आपण उलटे चाललोय बहुतेक. म्हणाले, तपासून बघू. तपासता तपासता शेजारच्या राज्याची, पेनसिल्व्हेनियात स्वागत असल्याची पाटी आली. मागच्या सीटवर नवऱ्यानं माझा हात दाबला. काका शांतपणे म्हणाले, "हा पूल तुम्हाला दाखवायचाच होता." आणि खरोखर गाडी थांबवून त्यांनी आम्हाला पूल दाखवला. तूरडाळ पुढच्या शनिवारी आणली.

आता झाडाबद्दल सांगते.

ऑक्टोबर लागला की काका आणि नवरा मिळून मागच्या लाकडी डेकवरची एक भली मोठी कुंडी बेसमेंटमध्ये आणायचे. मे उजाडेपर्यंत ती आमच्यात, फर्नेसपासून जरा लांब, खास दिव्यांच्या उजेडात. पानं जास्वंदीची. जवळजवळ माझ्या उंचीचं झालं होतं, आणि काका म्हणायचे, अजून बाळ आहे, रानात याचा वृक्ष होतो. ते होतं हवाईचं. तिथल्या एका बेटावरच्या डोंगरात, जिथे ढग खाली उतरलेले असतात, तिथेच हे आपलं आपण उगवतं. जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि तिथेही आता मोजकंच उरलंय. काकांनी तिथल्या एका नर्सरीतून रीतसर बी मागवून ते वाढवलं होतं. तिकडे त्याला कोकिओ केओकेओ म्हणतात. माझ्या नवऱ्याला हे नाव म्हणजे मेजवानीच. काका दिसले की विचारायचा, "काय काका, कोकिळाबाई कशा आहेत?" काका म्हणायचे, "तुझ्यापेक्षा बऱ्या."

एका शनिवारी कपड्यांच्या घड्या घालताना मी सहज विचारलं, काका, फ्लॉवर शोमध्ये वगैरे ठेवणार का हे? त्यावर ते ड्रायरला टेकून उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. असं कधी बोलायचे नाहीत, म्हणून मी घड्या घालायची थांबले नाही. थांबले असते तर तेही थांबले असते.

रिटायर झाल्यावर काका आणि काकू हवाईला फिरायला गेले होते. डोंगरातली चिखलाची पायवाट, काकू साडीवर स्नीकर्स घालून. काका पुढे, काकू मागे. वाटेत एका झाडाला पांढरी जास्वंद. काकू थांबल्या, फांदी वाकवली आणि म्हणाल्या, "अहो, या जास्वंदीला वास आहे."

काका वळले पण नाहीत. म्हणाले, "जास्वंदीला वास नसतो. खाली ओढ्याला सोनटक्का माजलाय, त्याचा येतोय."

"मी नाक लावून बघितलंय. सोनटक्क्यासारखाच आहे, पण या फुलाला आहे. या ना, बघा तरी."

"अगं, मी तीस वर्षं याचा पगार घेतला," काका म्हणाले आणि चालत राहिले.

काकू रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, मग लावा पैज. जो हरेल त्यानं चारचौघांत म्हणायचं, माझं चुकलं. काका म्हणाले, तपासून बघू.

"चार पावलं मागे जायचं होतं," काका मला म्हणाले. "तेव्हा नाक शाबूत होतं. फूल हाताशी होतं. ती हाक मारत होती. मी नाही गेलो."

मग घरी आले, काकूंचं दुखणं निघालं, आणि पैज तशीच राहून गेली. काकू गेल्यावर त्यांनी पुस्तकं काढून वाचलं, तर तिथल्या डोंगरातल्या पांढऱ्या जास्वंदीला मंद वास असतो असं छापलेलंच होतं. मी म्हटलं, मग झालं की काका, काकू जिंकल्या. तर नाही. "छापलेलं मी कधी मानलं नाही. कुठल्या झाडाला असतो, कुठल्याला नसतो. आणि मंद म्हणजे काय? ती सोनटक्का म्हणाली होती. झाड इथे, आजूबाजूला मैलोन् मैल सोनटक्का नाही, आणि कुणीतरी हुंगून सांगितलं, तर ते खरं."

"मी सांगेन की. मी आहे ना तुमचं नाक."

काकांनी माझ्याकडे फार वैतागून बघितलं. "तुला आता मी सांगून बसलोय. तू सोनटक्काच हुंगशील. तुझी साक्ष बाद."

एवढं ऐकून घेतलं आणि वर साक्ष बाद. मला रागच आला. पण नंतर भांडी घासताना माझे डोळे भरून आले, ते काही रागानं नाही.

त्या दिव्यांचा एक किस्सा सांगायचा राहिला. बेसमेंटच्या खिडक्या जमिनीलगत असतात, आणि आमच्या खिडक्यांतून सगळा हिवाळा जांभळा उजेड बाहेर पडायचा. एका संध्याकाळी दारात पोलीस. एकटाच होता, पोरगेलासा, अगदी नम्र. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी कळवलं होतं की इथे तळघरात काहीतरी भलतंच, गांजाबिंजा, पिकवतायत. आणि आम्ही दोघं व्हिसावर. त्या पोलिसानं झाड बघितलं, ते निरुपद्रवी आहे हे त्याला कळलंही, पण नाक वर करून त्यानं विचारलं, "व्हॉट इज दॅट स्मेल?" मी नुकतीच फोडणी घातली होती. तेवढ्यात काका जिन्यावरून आले, पोलिसाला खुर्ची दिली आणि म्हणाले, "डिस्क्राइब इट, ऑफिसर." तो बिचारा डोळे मिटून म्हणाला, आधी कांद्यासारखं काहीतरी, मग जरा रबर, आणि शेवटी भाजलेला सुका मेवा. काका खूश. मला म्हणाले, "बघ. याला म्हणतात वर्णन. शीक जरा." पोलीस आमटीभात खाऊन गेला.

झाडाला कळ्या यायच्या, पण टिकायच्या नाहीत. वाटाण्याएवढ्या व्हायच्या, पिवळ्या पडायच्या, गळायच्या. काका हवा बदलायचे, पाणी बदलायचे, दिवे वर-खाली करायचे. त्यांची मुलगी टेक्ससमध्ये शुगर लँडला डॉक्टर होती, ती थँक्सगिव्हिंगला आली की म्हणायची, "बाबा, इट्स जस्ट अ प्लांट. कम लिव्ह विथ अस." तिला पैजेचं माहीत नव्हतं. काकांनी सांगितलंच नव्हतं. पुढे काका तिच्याकडेच राहायला गेले. झाड गाडीत आडवं घालून नेलं, आणि तिकडच्या दमट उन्हात ते असं फोफावलं की रोज फुलं. पण ते पुढचं. आमच्या घरात त्याला एकच कळी धरली, आणि ती माझ्या आईनं तोडली.

त्याचं असं झालं. जूनमध्ये आई पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होती, चिपळूणहून. कळी तेव्हा डेकवर बोटाएवढी झाली होती. आई यायच्या दिवशीच संध्याकाळी काका खाली आले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "उद्या उमलणार. एकच दिवस टिकतं, संध्याकाळी गुलाबी पडून मिटतं. सकाळी सहाला वर ये. साबण लावू नकोस, दात घासू नकोस, कॉफी पिऊ नकोस."

"पण माझी साक्ष बाद ना?"

"बादच आहे. पण दुसरं नाक कुठून आणू? नाही म्हणण्यापेक्षा बरी."

आम्ही एअरपोर्टवरून आईला घेऊन आलो. दमलेल्या बाईला तशातच सगळं समजावलं. शॉवरचा नळ कुठे फिरवायचा, स्मोक अलार्म वाजला तर घाबरायचं नाही, फोन वाजला तर नुसतं हॅलो म्हणायचं. झाड तेवढं सांगायचं राहिलं.

सकाळी घंटेच्या आवाजानं मला जाग आली. आमचे देव मायक्रोवेव्हवर असायचे. जाऊन बघते, तर आई न्हाऊन, सोवळ्यासारखी साडी नेसून उभी, आणि बाप्पा दिसतच नाही. बाप्पाच्या पुढ्यात तळहाताएवढं पांढरं फूल. लाल दांडा बाहेर आलेला.

"आई, हे कुठनं आणलंस?"

"वर त्या ओट्यावर कुंडी आहे की. मला पहाटेच जाग आली, म्हटलं फुलं बघावीत. एवढं झाड आणि एकच जास्वंद. लाल असती तर फार बरं झालं असतं, पण चालते पांढरीसुद्धा."

दुसऱ्याच्या अंगणातलं फूल देवासाठी तोडायला विचारावं लागतं, हे आमच्या गावात कुणाच्या बापजन्मी ठाऊक नव्हतं. आईची काहीच चूक नव्हती, आणि ओरडावं तर तिच्यावरच वाटत होतं. तेवढ्यात वर डेकवर पावलं वाजली. कुंडीपर्यंत गेली आणि थांबली. नवरा उठून आला होता, तोही छताकडे बघत उभा.

काका मागच्या दारानं आले. पायजम्यावर, चष्मा नाही. त्यांनी मायक्रोवेव्हकडे बघितलं आणि भिंतीला हात टेकला. एवढ्या वयाच्या माणसाचा चेहरा तसा झालेला मला बघवेना.

"काका, आईला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "काल रात्री तर आली. आम्ही झाडाचं काही बोललोच नाही तिच्याशी."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. ना झाड, ना काकू, ना सोन..."

"गप्प," काका एवढ्या जोरात म्हणाले की आईच्या हातातली घंटा वाजली. मग त्यांनी पायजम्याच्या खिशातून चष्मा काढला, लावला आणि आईकडे नीट बघितलं. मला तेव्हा कळलं त्यांच्या डोक्यात काय आलंय. अख्ख्या पार्सिपनीत एकच नाक होतं ज्याला काही ठाऊक नव्हतं, आणि ते काल रात्री विमानातून उतरलं होतं.

"ताई," ते म्हणाले, "तोडताना तुम्ही याचा वास घेतला का?"

"अगं बाई," आई मला म्हणाली, मग त्यांना, "अहो, देवाचं फूल कुणी हुंगतं का? उष्टं होतं ते."

"मग आता घ्या."

"आता कसं घेऊ? पूजा व्हायचीय. आरती झाली की प्रसाद म्हणून घ्यायचं." आणि तिनं काडेपेटी उचलली.

"उदबत्ती नको," काका आणि मी एकदमच म्हणालो.

"उदबत्तीशिवाय पूजा?"

"आई, अलार्म वाजतो. काल सांगितलं ना?" हे खोटं नव्हतं. निरांजन दाराशी ठेवायचं ठरलं. काकांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. नवरा चहासाठी आलं किसायला घेत होता. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं किसणीसकट आलं झिपलॉकच्या पिशवीत घातलं आणि बंद केलं.

आणि आईनं आरती म्हटली. आई आरतीचं एकही कडवं सोडत नाही. देवाधर्माचं नाव काढलं की तपासून बघू म्हणणारे काका तिच्या शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते, चुकीच्या ठेक्यात, नजर त्या फुलावर. त्यांच्या टाळ्या ऐकून मला हसू येत होतं आणि रडूही.

शेवटी आईनं नमस्कार केला, फूल उचललं आणि घरात वडील माणूस म्हणून आधी काकांच्या हातावर ठेवलं. "घ्या प्रसाद." काकांनी ते दोन्ही हातांनी नाकाशी नेलं. डोळे मिटून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मला वाटलं, देवा, आज एकदाच येऊ दे काकांना वास.

त्यांनी मान हलवली. "मला येत नाही, ताई. तुम्ही सांगा."

आईनं फूल घेतलं. तिला यातलं काही कळत नव्हतं, पण कुणी मनापासून काही विचारलं की ती मनापासून करते. तिनं हुंगलं. थांबली. परत हुंगलं.

"वास आहे हो," ती म्हणाली. "आश्चर्यच आहे. जास्वंदीला कधी नसतो."

"कसला?" काका पुढे वाकले.

"थांबा, सांगते. अगदी हलका आहे. आमच्या परसात विहिरीकडे सोनटक्का होता, तो फुलला की पहाटे घरापर्यंत यायचा. तसा. जवळचा नाही, लांबून आलेला."

नवऱ्यानं माझा खांदा धरला. काका खुर्चीत बसले, आणि थोड्या वेळानं पुन्हा उठून उभे राहिले. त्यांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं.

"तुम्ही तिघं," ते म्हणाले. मग मायक्रोवेव्हवर बाप्पाकडे बघितलं. "आणि हा चौथा. झाले चारचौघं."

पायजम्याच्या नाड्या लोंबत होत्या, केस उभे होते. त्यांनी हात जोडले नाहीत, नुसते सरळ उभे राहिले, आणि स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिचं बरोबर होतं. माझं चुकलं."

आईला वाटलं, उदबत्तीवरून म्हणतायत. तिनं फूल परत त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "असू दे हो. कुणी मनात नाही ठेवलं."